मदत हवी आहे : पिल्लाची पातळ शी आणि लिटरचा (शी-शूच्या ट्रेमध्ये टाकतात त्या मातीचा) घाण वास

मांजराचं पिल्लू, बोका, साधारण १० आठवड्यांचा, वजन ९०० ग्रॅम. पंधरा दिवसांपासून दिवसाला ४-५ वेळा पातळ, चिकट शी. रक्त नाही, उलटी नाही, खातो-खेळतो व्यवस्थित. जंताचं औषध दोनदा झालं, पहिली लसही झाली. शीच्या एका नमुन्यात काही सापडलं नाही. पण जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) एकाच नमुन्यात निसटू शकतो म्हणतात. दूध पूर्ण बंद केलंय (सासूबाईंचा विरोध पत्करून). चार दिवस उकडलेलं चिकन दिलं तेव्हा शी जरा घट्ट झाली, किटन फूड सुरू केल्यावर पुन्हा तेच. फक्त चिकनवर ठेवणं या वयात बरोबर नाही, हे माहीत आहे.

दुसरा त्रास वासाचा. वन बीएचके, ट्रे बाथरूममध्ये, त्यात मुंबईचा पावसाळा. बेंटोनाइट (चिकणमातीचं) लिटर वापरते, शी लगेच उचलते, आठवड्याला ट्रे धुते. फिनाईल मांजरांना विषारी म्हणून वापरत नाही. सुगंधी लिटर आणलं तर पठ्ठ्या पायपुसण्यावर बसला!

डॉक्टरांकडे शनिवारी जाणार आहे. तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने तपासायला सांगू, की आधी खाणं बदलून बघू? आणि दमट हवेत लाकडी पेलेटचं (दाबलेल्या भुशाच्या गोळ्यांचं) लिटर कुणी वापरलंय का, वास खरंच कमी होतो?