मदत हवी आहे: बॅशमध्ये फाइलच्या नावानंतर आलेले ऑप्शन कसे वाचायचे?

नमस्कार मंडळी,

वाचनालयातल्या जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पानं लहान करायला एक बॅश स्क्रिप्ट (टर्मिनलमध्ये चालणाऱ्या कमांडची फाइल) लिहिली आहे. ऑप्शन (कमांडसोबत '-' लावून दिलेल्या सूचना) वाचायला बॅशमधलंच गेटऑप्ट्स वापरलंय. ऑप्शन आधी, फाइल नंतर असं दिलं की सगळं सुरळीत चालतं. पण तिथले काका आधी फाइलचं नाव देतात आणि शेवटी '-आर 50'. गेटऑप्ट्स पहिल्या नावापाशीच थांबतं आणि पुढे '-आर' नावाची फाइल शोधली जाते! काकांनी सवय बदलावी असं मला वाटत नाही, स्क्रिप्टनेच समजून घ्यायला हवं.

शिवाय '--साइज'सारखे लांब ऑप्शन हवेत. लिनक्सवरचं गेटऑप्ट (गेटऑप्ट्सहून वेगळी कमांड) हे दोन्ही करतं, पण वाचनालयात मॅक आहे, बॅश 3.2 वालं. तिथलं गेटऑप्ट लांब ऑप्शन घेत नाही. फाइलच्या नावांत स्पेसही आहेत ('अंक 1978 पान 4'), म्हणून "$@" (स्क्रिप्टला दिलेली सगळी नावं आणि ऑप्शन) अवतरणांतच ठेवलंय.

बॅशमधल्याच वाइल, केस आणि शिफ्ट या कमांड वापरून हातानेच लिहावं का? मग '--साइज=50' कसं तोडायचं, आणि नुसत्या '--' नंतरचं सगळं फाइल म्हणून कसं घ्यायचं? पायथनचं आर्गपार्स (ऑप्शन वाचणारं मॉड्यूल) माहीत आहे, पण एवढ्यासाठी तिथे पायथन बसवायचं जिवावर येतंय. कुणाकडे वापरातला नमुना असेल तर कृपया द्या.