खऱ्या गुन्ह्यांची पुस्तके आपण का वाचतो?

चोपडेकरीण (प्रश्न)

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात चरित्रे आणि कादंबऱ्या महिनोन्‌महिने कपाटात पडून असतात, परंतु प्रत्यक्ष घडलेल्या खुनांवरची, दरोड्यांवरची आणि निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांनी लिहिलेली तपासाची पुस्तके परत येताच दुसऱ्या वाचकाच्या नावावर चढतात. नेणाऱ्यांत बायका बऱ्याच आहेत आणि त्यांपैकी मीही एक आहे. सासूबाई म्हणतात, "दाराची कडी दोनदा तपासायची आणि उशाशी पुस्तक मात्र खुनाचे ठेवायचे!" त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही, असे मला म्हणता येत नाही.

काल्पनिक रहस्यकथेत मृतदेह हा कोडे सुरू होण्यासाठी लागतो आणि त्या माणसाबद्दल हळहळण्याची वाचकाकडून फारशी अपेक्षा नसते. खऱ्या गुन्ह्यात मात्र मेलेला माणूस कोणाचा तरी मुलगा असतो, कोणाची तरी बहीण असते, त्यांचे नातेवाईक कदाचित आजही हयात असतात, आणि हे सर्व ठाऊक असूनही आपण पाने उलटत राहतो. जोशी-अभ्यंकर हत्याकांडाबद्दल मी जे मिळेल ते वाचले आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा माणसे मारली गेली, मारणारे चित्रकला महाविद्यालयातले विद्यार्थी निघाले, त्यांच्यापैकी एक माफीचा साक्षीदार झाला आणि चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. शेवट ठाऊक असूनही मी पुन्हा पुन्हा तेथेच का जाते? हे आकर्षण भीतीचे आहे, कुतूहलाचे आहे, की दुसऱ्याचे दुःख सुरक्षित अंतरावरून पाहण्याचे आहे?

पाचोऱ्याचा अध्यापक

ताई, आपण एकट्या नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील अमांडा व्हिकरी आणि ख्रिस फ्रेली यांनी २०१० मध्ये नेमक्या याच प्रश्नावर संशोधन प्रसिद्ध केले. युद्धासारख्या अन्य हिंसक विषयांवरचे पुस्तक आणि खऱ्या गुन्ह्याचे पुस्तक यांतून निवड करायला सांगितली, तेव्हा पुरुषांपेक्षा स्त्रियांनी गुन्ह्याचे पुस्तक अधिक निवडले. त्यातही पीडितेने निसटण्यासाठी वापरलेली युक्ती, मारेकऱ्याच्या मनाचा ठाव आणि बळी पडलेली व्यक्ती स्त्री असणे, या तीन गोष्टींनी स्त्रियांची ओढ वाढत होती. धोका कसा ओळखावा आणि त्यातून कसे सुटावे, हे शिकण्याची नकळत चाललेली ही धडपड असावी, असा संशोधकांचा कयास आहे.

मला तो अर्धाच पटतो. शिकण्यासाठीच वाचायचे असेल तर आपण निवडतो ते गुन्हे फारच विचित्र असतात. अनोळखी, विक्षिप्त, एकामागून एक माणसे मारत सुटलेला खुनी प्रत्यक्षात अत्यंत विरळा असतो, आणि बाईच्या जिवावर उठणारा माणूस पुष्कळदा घरातलाच असतो. असे गुन्हे आपल्याच जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात चार ओळींत येतात आणि त्यांची पुस्तके सहसा होत नाहीत. शिवाय वाचनाने सावधपणा वाढतो तशी धास्तीही वाढते. दूरचित्रवाणीवरची हिंसा सतत पाहणाऱ्यांना जग आहे त्याहून अधिक क्रूर वाटू लागते, असे माध्यमांचे अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी १९७० च्या दशकापासून मांडले होते. सासूबाईंनी पाहिलेल्या कडीचे स्पष्टीकरण कदाचित तेथे मिळेल.

जंक्शनवाला, भुसावळ

एवढे खोलात जाण्याची गरज आहे का, असा मला प्रश्न पडतो. आमच्या स्थानकावरच्या स्टॉलवर हिंदीतील 'मनोहर कहानियां' आणि 'सत्यकथा' ही मासिके आमच्या वडिलांच्या पिढीपासून हातोहात जात, एसटी स्टँडवर 'पोलीस टाइम्स' मिळत असे, आणि पोलिसांच्या घरी 'दक्षता' येई, ते शेजारीपाजारी फिरून त्याची पाने सुटी होईपर्यंत वाचले जाई. माणसाला चौकश्या आवडतात. पूर्वी त्या पारावर होत, आता पुस्तकात होतात.

एक गोष्ट मात्र नोंदवावीशी वाटते. १४ एप्रिल १९४४ रोजी आपल्या चिमठाण्याजवळ स्वातंत्र्यसैनिकांनी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना लुटला. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे आणि खानदेशातले कार्यकर्ते त्यात होते आणि सुमारे साडेपाच लाख रुपये त्यांच्या हाती आले. ब्रिटिशांच्या दप्तरी तो दरोडाच होता, आपल्यासाठी तो अभिमानाचा इतिहास आहे. पण ती हकिकत ऐकताना आपण विचारतो ते प्रश्न कोणते असतात? खजिना कधी निघणार हे कसे कळले, गाडी कोठे अडवली, पैसा कसा हलवला, पळून कोठे गेले? खुनाच्या पुस्तकातही आम्ही हेच विचारतो. बेत आणि त्याची तड यांचे माणसाला मुळातच वेड असते आणि त्यात गुन्ह्याला पसंती असतेच असे नाही.

निवृत्त शिरस्तेदार, धुळे

जंक्शनवाला भाऊ, चिमठाण्याचे उदाहरण मार्मिक आहे, परंतु चौकशी आणि न्याय यांत अंतर आहे, आणि आमची सारी नोकरी त्या अंतरातच गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ही पुस्तके बहुधा अटकेपाशी किंवा कबुलीजबाबापाशी शिगेला पोचतात. अधिकारी रात्रभर विचारपूस करतो, पहाटे आरोपी कोसळतो, सर्व सांगून टाकतो, आणि वाचक समाधानाने पुस्तक मिटतो. न्यायालयात त्या पहाटेची किंमत जवळजवळ शून्य असते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूच्या शोधाशी थेट जोडलेला तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. "मी त्याला या कोयत्याने मारले आणि कोयता विहिरीत टाकला" या वाक्यातला विहिरीचा भाग राहतो आणि मारल्याचा गळतो. मग सारा भार येतो पंचनाम्यावर आणि पंचांवर, आणि पंच तर साक्षीच्या वेळी निम्म्या गोष्टी विसरलेले असतात किंवा फितूर होतात. हे सारे कंटाळवाणे असल्यामुळे पुस्तकांत दोन पानांत उरकले जाते.

परिस्थितीजन्य पुराव्यावर कोणाला दोषी ठरवायचे असेल तर काय लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 'शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या १९८४ च्या निकालात सांगितले. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झाली पाहिजे, सर्व परिस्थिती आरोपीच्या अपराधाशीच जुळल्या पाहिजेत, त्या निर्णायक स्वरूपाच्या असाव्यात, अपराधाखेरीज अन्य प्रत्येक शक्यता त्यांनी वगळली पाहिजे, आणि पुराव्याची साखळी इतकी अखंड असावी की आरोपी निर्दोष असल्याच्या निष्कर्षाला वाजवी जागाच उरू नये. न्यायालयाने या पाच कसोट्यांना पंचशील म्हटले आणि त्यांवर घासून आरोपीला निर्दोष सोडले. आपल्या आवडत्या पुस्तकातला पुरावा एकदा या पाचांपुढे ठेवून पाहा. माझ्या मते आकर्षण आहे ते खात्रीचे. न्यायालय जी खात्री सहजासहजी देत नाही ती लेखक तीनशे पानांत देतो, आणि बचाव पक्षाचा उलटतपास न ऐकताच आपल्याला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवतो.

वाचक त्या खुर्चीत बसला की काय होते हे पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेले नौदल अधिकारी नानावटी यांच्या १९५९ च्या खटल्यात सर्वांनी पाहिले. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने आरोपीची बाजू उचलून धरली, ज्यूरीने, म्हणजे निवाड्यासाठी बसवलेल्या नागरिकांनी, आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांना तो कौल मान्य न झाल्याने प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तेथे जन्मठेप झाली. पुढे १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली तो भाग वेगळा.

चोपडेकरीण

शिरस्तेदार काका, आपण लिहिलेले मी दोनदा वाचले, आणि कबुलीजबाबाबद्दलचे तर मला पूर्णपणे नवे होते. तरीही खात्रीचा मुद्दा मला लागू पडत नाही, कारण मी ज्या पानांवर रेंगाळते ती शोध लागण्याच्या आधीची असतात. त्या घरात त्या संध्याकाळी काय शिजले होते, कोण कोणाची वाट पाहत होते, दार कोणी आणि का उघडले, हे मला वाचायचे असते. त्यांना ठाऊक नसलेले मला ठाऊक असते, आणि ते सांगता येत नाही.

माझी तक्रार अशी की ही पाने थोडी असतात. ट्रुमन कपोटे यांच्या 'इन कोल्ड ब्लड'ची पुष्कळ वाखाणणी ऐकून मी ते वाचले. १९५९ मध्ये कॅन्सस राज्यात एकाच कुटुंबातले चौघे मारले गेले त्याची ती हकिकत आहे. सुरुवातीला त्या कुटुंबाचा शेवटचा दिवस फार मन लावून लिहिला आहे, परंतु पुढे पुस्तक हळूहळू एका मारेकऱ्याचेच होऊन जाते. शेवटचा स्मशानातला प्रसंग तर घडलाच नव्हता, हे मला नंतर कळले आणि राग आला. सत्य म्हणून विकायचे असेल तर शेवटही सत्यच हवा.

पाचोऱ्याचा अध्यापक

आपण दुसऱ्याचे दुःख दुरून पाहता की काय, ही शंका आपणच काढली होती, पण वरची वाक्ये लिहिणारी वाचक दूर उभी आहे असे मला वाटत नाही. मी सांगितलेल्या संशोधकांच्या कयासात ही गोष्ट बसत नाही हे मान्य करतो. धोका शिकणारा वाचक मारेकऱ्याकडे पाहतो आणि आपण दार उघडणाऱ्याकडे पाहता.

निवृत्त शिरस्तेदार, धुळे

चोपड्याच्या ताईंना एक सुचवतो. पुस्तक वाचून झाले की त्या खटल्याचे निकालपत्र वाचावे. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल 'ई-एससीआर' या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत आणि काहींची मराठी भाषांतरेही उपलब्ध आहेत. भाषा रुक्ष असते, परंतु घरात काय शिजले होते ते कधी कधी तेथेच सापडते, कारण जेवण केव्हा झाले यावरून मृत्यूची वेळ ठरवायची असते.