धुराड्यात राहणाऱ्या पाकोळ्यांविषयी

प्रश्न :
अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या आमच्या जुन्या घराच्या विटांच्या धुराड्यातून जूनपासून कधी चिवचिवाट, तर कधी लांब कुठेतरी ढग गडगडावेत तसा आवाज येतो. तिन्हीसांजेला काळपट, आखूड शेपटीचे चार-पाच पक्षी घिरट्या घालून थेट आत शिरतात. हे पक्षी कोणते, आणि घरटे काढून टाकता येईल काय?

उत्तर १ :
या धुराड्यातील पाकोळ्या होत. (‘चिमणीतली पाकोळी’ म्हटले, तर एका पक्ष्याने दुसऱ्याला गिळल्यासारखे वाटते, म्हणून ‘धुराडे’च बरे.) त्यांच्या पायांची ठेवण अशी असते, की त्यांना फांदीवर बसता येत नाही; खडबडीत उभ्या भिंतीला नख्यांनी लटकून आणि शेपटीच्या काटेरी टोकांचा टेकू घेऊनच त्या विसावतात. एरवी खाणे, पाणी पिणे, इतकेच काय, घरट्यासाठी वाळक्या काटक्या पायांनी मोडून घेणेही उडताउडताच चालते. त्या काटक्या लाळेने भिंतीला चिकटवून अर्ध्या बशीसारखे घरटे तयार होते. गडगडाट म्हणाल, तर तो पोकळीत घुमणारा पंखांचा आवाज आहे.

उत्तर २ :
अंडी किंवा पिल्ले असलेले घरटे काढणे अमेरिकेच्या १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानुसार बेकायदा आहे. अंडी सुमारे १९ दिवसांत उबतात आणि पिल्ले साधारण महिनाभराने धुराड्याबाहेर उडू लागतात. तोवर डँपर (शेकोटी व धुराडे यांमधली झडप) बंद ठेवावा व शेकोटी पेटवू नये. धुराडे साफ करायचे ते पक्षी शरद ऋतूत निघून गेल्यावर.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. मात्र एकाच घरट्यासाठी चार-पाच पक्षी कसे?

उत्तर ३ :
एका धुराड्यात बहुधा एकच जोडपे अंडी घालते, परंतु जोडीदार नसलेले एखाद-दुसरे पक्षी त्यांना पिल्ले वाढवायला मदत करतात, आणि काही नुसते मुक्कामाला असतात. स्थलांतरापूर्वी तर एकेका मोठ्या धुराड्यात शेकडो, क्वचित हजारो पाकोळ्या रात्र काढतात. त्या हिवाळ्यात कुठे जातात, हे कोडे १९४४ मध्ये सुटले : पायांत ओळखीची कडी अडकवून सोडलेल्या पाकोळ्यांची १३ कडी दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या जंगलवासीयांकडे सापडली. पूर्वी त्या पोकळ झाडांत राहत; वस्ती वाढली तशा धुराड्यांत आल्या, आणि आता धुराड्यांवर झाकणे बसत आहेत, आत गुळगुळीत धातूचे अस्तर लागत आहे, शिवाय कीटकही घटले आहेत. २०१८ पासून त्यांची नोंद धोक्यातील प्रजातींच्या जागतिक यादीत ‘असुरक्षित’ अशी आहे. पक्षी गेल्यावर झाकण बसवलेच, तर ते मार्चअखेरीस काढून ठेवावे, कारण जुने जोडपे बहुतेक वेळा त्याच धुराड्यात परतते.