पब गिगसाठी हलका बेस अँप: कॉम्बो घेऊ की हेड (नुसता अँप) आणि कॅब (नुसता स्पीकरचा डबा) वेगळी?

चौथी_तार
मंडळी, अँप बदलायचाय, मदत करा. चौघांचा बँड आहे, ड्रम्स, दोन गिटार आणि बेसवर मी, सगळी पबातलीच कामं. जागा म्हणजे कोपऱ्यात टेबलं सरकवून केलेली, आणि पीए (लोकांना ऐकवायची साउंड सिस्टिम) म्हणजे स्टँडवर चढवलेले दोन स्पीकर (टॉप) ज्यातून फक्त गाणं जातं, मोठी सिस्टिम आणि साउंडवाला असं क्वचितच मिळतं. माझ्याकडे जुना १५ इंची कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच डब्यात) आहे, आवाजाबद्दल तक्रार नाही पण उचलायला दोघं लागतात आणि दुसरा माणूस नेमका त्याच वेळी गायब असतो 😀 मला हवंय ते एवढंच, एका हातात अँप, पाठीवर बेस, एका खेपेत आत. १०० वॉटचे छोटे कॉम्बो बघितले, ५०० वाले पण बघितले, वजनात फार फरक नाही दिसत, मग किती वॉट घ्यावेत? आणि १० इंची की १२? बेस पाच तारी आहे, म्हणजे खालचा बी पण वाजतो.

गडगडाट
आधी ते वॉटचं भूत उतरवा डोक्यावरून. वॉट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कळेल इतकाच, आणि कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात म्हणजे दहापट वॉट. त्यामुळे ३०० का ५०० यावर रात्र जागवू नका, फरक दोनेक डेसिबलचा आहे. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी विचारा, १ वॉट दिला की १ मीटरवर किती डेसिबल, कारण ९४ वाल्याच्या जागी ९७ वाला स्पीकर आला तर अँप दुप्पट केल्यासारखंच आहे आणि त्यात वजन एक ग्रॅम पण वाढत नाही. दुकानात हा आकडा कोणी सांगत नाही, वॉट मात्र डब्यावर मोठ्या अक्षरात.

तरीही, ड्रमर काठ्यांनी वाजवत असेल तर १०० वॉट आणि एक स्पीकर यावर भरवसा ठेवू नये असं माझं मत. पुरेल कधी कधी, पण अँप सतत पूर्ण ताकदीवर चालेल आणि मोठ्या नोटला आवाज फाटेल. ३०० च्या पुढे असला की श्वास घ्यायला जागा राहते.

वजनात फरक का दिसत नाही तर क्लास डी, म्हणजे कमी तापणारं अँपचं सर्किट. आधीच्या अँपमध्ये लोखंडी ट्रान्सफॉर्मर आणि ढीगभर हीटसिंक असायची, आता स्विचिंग सप्लाय आणि क्लास डी मुळे ५०० वॉटचं हेड दोन तीन किलोत बसतं. ट्रेस इलियटचं एल्फ तर पाऊण किलोच्याही आत आहे, ४ ओमला (ओम म्हणजे स्पीकरचा विद्युत रोध) २०० वॉट, बेसच्या गिगबॅगच्या खिशात जातं. म्हणजे आता जे काही वजन आहे ते डब्याचं आणि स्पीकरच्या चुंबकाचं, तिथे निओडिमियम बघा, फेराइटपेक्षा बरंच हलकं पडतं.

खालचा_सा
गडगडाटशी सहमत, पण पाच तारीचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. खालचा बी म्हणजे ३१ हर्ट्झ आणि ई ४१. छोट्या डब्यातून ३१ हर्ट्झ खरंच येत नाही, कुणाच्याच नाही, जाहिरातीत काहीही लिहू देत. स्पीकर डिझाइनवाले याला हॉफमनचा आयर्न लॉ म्हणतात, लहान डबा, खोल बेस आणि जास्त आवाज, तिन्हीपैकी दोनच मिळतात. तुम्हाला लहान डबा आणि आवाज हवाय म्हणजे खोल बेस सोडायचा.

पण यात रडण्यासारखं काही नाही, कारण बी तारेचा जो आवाज लोकांना ऐकू येतो तो बराचसा ६२ आणि त्याच्या वरच्या हार्मोनिक्सचा (मूळ सुराच्या पटीतल्या सुरांचा) असतो, मूळ सूर मेंदूच भरून काढतो. उलट खालचं सगळं कापलेलं बरं. फ्रीक्वेन्सी अर्धी झाली की तेवढ्याच आवाजासाठी कोनला (स्पीकरच्या पडद्याला) चौपट पुढेमागे जावं लागतं, म्हणजे ३० हर्ट्झच्या आसपास स्पीकर नुसता हवेत हात हलवतो, अँपची ताकद खातो आणि फाटतो. म्हणून हाय पास फिल्टर (ठरावीक आकड्याखालचा आवाज कापणारा) असलेला अँप घ्या किंवा वेगळा पेडल, ३५-४० हर्ट्झला लावा. तोच अँप एकदम मोठा वाटायला लागेल, करून बघा.

१० की १२ यावर तासन् तास भांडता येतं पण इंचावरून टोन ओळखू येत नाही, डब्याची रचना आणि स्पीकर कुठला ते महत्त्वाचं. एकच स्पीकर घेणार असाल तर १२, दोन असतील तर १०.

तालतोड्या
मी ड्रमर, इथे कशाला आलो माहीत नाही. स्नेअरजवळ सहज १०० डेसिबलच्या वर असतं, तेव्हा अँप किती मोठा हवा हे बेसवाल्याने नाही, आम्ही ठरवतो 😎 मस्करी सोडा, पण छोट्या पबात रॉड्स (बारीक काड्यांची जुडी, काठ्यांपेक्षा हळू वाजते) वापरायला सांगा तुमच्या ड्रमरला, अँप घेण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे.

खालचा_सा
@तालतोड्या हे वाक्य फ्रेम करून आमच्या ड्रमरच्या घरी लावणार.

डीआय_बाई
मी जरा वेगळं सांगते. वर्षानुवर्षं साउंड करते, आणि स्टेजवर मोठा बेस अँप म्हणजे माझ्यासाठी डोकेदुखी, कारण खालचा आवाज सगळ्या दिशांना पसरतो, व्होकल माइकमध्ये शिरतो आणि पुढे काही आवरता येत नाही. तुमच्याकडे चांगला प्रीअँप पेडल असेल तर १२ इंची पॉवर्ड (आतच अँप असलेला) पीए स्पीकर घ्या, वेज मॉनिटरसारखा (स्टेजवर स्वतःला ऐकायच्या स्पीकरसारखा) जमिनीवर तिरका ठेवा. तोच मॉनिटर, तोच अँप, आणि अकूस्टिक गिगला त्याच्यातून गाणंही जातं.

अँपच घ्यायचा असेल तर मागे डीआय आउट (थेट मिक्सरला सिग्नल द्यायचा जॅक) आहे का, प्री/पोस्ट स्विच (तो सिग्नल अँपच्या बटणांच्या आधी की नंतर घ्यायचा) आहे का आणि ग्राउंड लिफ्ट आहे का हे बघून घ्या. प्री ठेवलात की तुम्ही मध्येच बेसचं बटण पिळलंत तरी माझ्याकडचा आवाज बदलत नाही. घरघर आली तर ग्राउंड लिफ्ट दाबायचं. एवढं केलंत तरी साउंडवाले तुम्हाला दुवा देतील.

गडगडाट
ताई, तुमचं बरोबर, पण यांच्या पीएमधून बेस जातच नाही, आणि दोन टॉपवर बेस टाकला तर गाणं पण चिखल होईल. म्हणजे सगळा पब अँपवरच भरायचाय. पॉवर्ड स्पीकर चालेल, पण डब्यावरचे १००० वॉट बहुतेक पीक (क्षणभराचे) असतात, आणि आवाज वाढवला की बऱ्याच स्पीकरांचा लिमिटर (आवाज मर्यादेत ठेवणारं सर्किट) सगळ्यात आधी बेसचाच गळा धरतो. घ्यायच्या आधी ड्रम्ससोबत वाजवून बघावा, एकट्याने दुकानात नाही.

डीआय_बाई
हो हे मान्य, लिमिटरचं खरंय.

चौथी_तार
खूप धन्यवाद सगळ्यांना. मग असं समजतोय की ३०० च्या आसपास, १२ इंची, निओ, हाय पास. आता दोन पर्याय डोळ्यासमोर आहेत, मार्कबासचा १२ इंची सीएमडी १२१पी आणि फेंडरचा रंबल ५००, दुसऱ्यात दोन १० इंची. की वेगळं हेड आणि १२ ची कॅब? आणि रंबलच्या माहितीत ५०० लिहिलंय पण कोणीतरी म्हणालं खरे ३५०, फसवणूक आहे का ही?

खालचा_सा
फसवणूक नाही, ओमचं गणित आहे. आतला स्पीकर ८ ओमचा, त्यावर अँप ३५० देतो, बाहेरून अजून एक ८ ओमची कॅब जोडली की एकूण ४ ओम होतात आणि मग ५०० मिळतात. मार्कबासचं पण तसंच, एकटा ३०० आणि जोडकॅबसोबत ५००. आणि मजा वॉटमध्ये नाहीये, दुसरी कॅब लावली की हवा ढकलणारे कोन पण दुप्पट होतात, सगळं मिळून ५-६ डेसिबलपर्यंत फायदा होतो, तो मात्र छातीत जाणवतो. म्हणून ८ ओमचाच घ्या. ४ ओमची कॅब घेतलीत तर नंतर दुसरी लावायची सोय राहत नाही, कारण दोन मिळून २ ओम होतात आणि बहुतेक हलकी हेड्स ४ च्या खाली चालत नाहीत.

वजन मार्कबास १३ किलोच्या जरा वर, रंबल साडेसोळा. एका खेपेचा हट्ट असेल तर मार्कबास, किंवा हेड आणि कॅब. मी वेगळंच घेतलंय कारण मोठ्या सिस्टिमच्या गिगला नुसतं हेड नेतो आणि डीआय देतो, कॅब घरी. आणि काही बिघडलं तर अर्धंच दुरुस्तीला जातं. कॉम्बो बिघडला की सगळंच गेलं.

गडगडाट
+१. आणि कॅब गुडघ्याच्या मागे जमिनीवर ठेवून स्वतःला ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवत बसू नका, समोरच्या टेबलांना तोवर धरणीकंप झालेला असतो. खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलवा, कानाकडे तोंड करा. कोपऱ्यात असाल तर खालचा आवाज भिंतींमुळे आपोआप फुगतो, तेव्हा बेसचं बटण कमी आणि मिड, ४०० ते ८०० हर्ट्झच्या मध्ये कुठेतरी, थोडा वर. घरी एकट्याने वाजवताना हा टोन नाकात बोलल्यासारखा वाटेल, बँडमध्ये बरोब्बर बसतो.

चौथी_तार
ठरलं, हेड आणि ८ ओमची १२ ची कॅब. शनिवारी मित्राची आणून ड्रम्ससोबत वाजवून बघतो. कॅबला माझी नेहमीची गिटार केबल चालेल ना? जॅक तर तोच दिसतोय.

खालचा_सा
नाही!! जॅक तोच, आतली तार वेगळी. गिटारची केबल शील्डवाली आणि बारीक असते, तिच्यातून स्पीकरचा करंट गेला की ती तापते, शॉर्ट झाली तर अँप पण जाऊ शकतो. स्पीकर केबलच घ्या, आणि हेड आणि कॅब दोन्हीकडे स्पीकॉन (स्पीकरसाठीचा खास जोड) असेल तर स्पीकॉनचीच, ती लॉक होते आणि कुणाचा पाय अडकला तरी निघत नाही.

तालतोड्या
पाय आमचाच अडकतो, लिहा सरळ.