लैंगिक कल ‘बदलणाऱ्या’ उपचारांचे शोधनिबंध: खोट नेमकी कुठे शोधायची?

पुरावा_दाखवा
‘समलैंगिकता १९७३ मध्ये आजारांच्या यादीतून काढायला ज्याने पुढाकार घेतला, त्या स्पिट्झरनेच नंतर लैंगिक कल (म्हणजे कोणाबद्दल आकर्षण वाटतं ते) उपचारांनी बदलतो हे सिद्ध केलं’ हा युक्तिवाद सारखा पुढे येतो. समोरचा छापील निबंध दाखवत असेल तर ‘छद्मविज्ञान’ म्हणून हात झटकता येत नाहीत. पद्धतीत काय तपासायचं?

आकडेमोड
त्याच निबंधापासून सुरुवात करा. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर, परिषदेत मांडणी २००१, छपाई २००३. एकूण २०० जण, १४३ पुरुष आणि ५७ स्त्रिया. प्रत्येकाची फोनवर एकच मुलाखत, साधारण पाऊण तासाची. त्यातूनच ‘आधी’ आणि ‘नंतर’ हे दोन्ही रकाने भरले. म्हणजे आधीची मोजणी आधी झालीच नव्हती. पूर्वी आकर्षण किती होतं, हे लोकांनी आठवून सांगितलं.

त्याहून मोठी गोम निवडीत आहे. बदल होऊन किमान पाच वर्षं टिकला, असं सांगणाऱ्यांनाच प्रवेश. बरेच जण अशा उपचारांचा पुरस्कार करणाऱ्या संस्थांकडून आलेले. ज्यांचं काहीच बदललं नाही ते यादीत येणारच कसे? यशाचं प्रमाण काढायला भाजक लागतो, म्हणजे एकूण किती जणांनी उपचार घेतले तो आकडा; इथे तोच गायब.

२०१२ मध्ये स्पिट्झरनी निबंध छापणाऱ्या नियतकालिकालाच पत्र लिहून मान्य केलं, की सांगितलेला बदल खरा होता का हे ठरवायला काही मार्गच नव्हता, आणि समलिंगी समाजाची माफी मागितली. निबंध मात्र औपचारिकरीत्या मागे घेतला गेला नाही. त्यामुळे कोणी तो पुढे केला की हे पत्रही समोर ठेवा.

तिसरा_रकाना
भाजकाइतकंच ‘बदल’ कशाला म्हटलंय तेही बघा. आकर्षण, वर्तन आणि स्वतःला काय म्हणवतो, या तीन वेगळ्या गोष्टी. लग्न केलं किंवा संबंध थांबवले म्हणून यश नोंदवलं असेल, तर मोजलंय फक्त वर्तन. सुरुवातीलाच दोन्हींकडे आकर्षण असलेल्यांना वेगळं काढलं नसेल, तर आकडा आपोआप फुगतो.

१९६०-७० च्या दशकांत पुरुषांची चित्रं दाखवून विजेचा झटका किंवा ॲपोमॉर्फिनसारखं ओकारी आणणारं औषध देत. लिंगाच्या आकारातला बदल यंत्राने मोजत. काहींची उत्तेजना उतरली खरी, पण स्त्रियांबद्दल आकर्षण त्यातून उपजलं नाही. भीती आणि मळमळ कुठलीही उत्तेजना मारते, त्यात नवल ते काय!

पुरावा_दाखवा
पण काहींचं आकर्षण वयानुसार खरंच बदलतं ना?

तिसरा_रकाना
बदलतं, आणि म्हणूनच उपचार न घेतलेल्यांचा तुलनेचा गट लागतो. मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी ७९ भिन्नलिंगी नसलेल्या स्त्रियांचा १० वर्षं मागोवा घेतला. सुमारे दोन-तृतीयांश जणींनी स्वतःची ओळख निदान एकदा बदलली, तीही अशा उपचारांशिवाय. तुलनेचा गट नसेल तर आपसूक झालेल्या बदलाचं श्रेय उपचारकाच्या खात्यात जातं.

आकडेमोड
‘मग चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडा, एकालाच उपचार द्या आणि नीट चाचणीच करा’ असंही कोणी म्हणेल. जो आजार नाही त्यावर, हानीची शक्यता असलेला उपचार चिठ्ठ्या टाकून कोणाला द्यायचा? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या गटाने १९६० ते २००७ मधले ८३ अभ्यास तपासले. २००९ च्या अहवालात म्हटलं, की परिणामकारकतेला पुरेसा आधार नाही आणि कल टिकाऊपणे बदलणं संभवनीय दिसत नाही. काहींनी नैराश्य आणि आत्महत्येचे विचार आल्याचंही सांगितलं होतं. हानीचे आकडे बरेचसे पाहणीतूनच येतात, त्यामुळे कार्यकारणाबद्दल जपून बोलावं. पण उपचार विकणाऱ्यालाच आधी फायदा आणि सुरक्षितता दाखवावी लागते, औषधाला लावतो तोच नियम.