विषय: उत्तर: उत्तर: कोजागिरी – शुक्रवारची बोट आणि सैक (दुधाचे मेल इथे नकोत!)

प्रेषक: मंदार

मंडळी,
बोट पक्की झाली. शुक्रवारी सकाळी 8 ला मस्कतच्या सीबहून दैमानियात बेटांकडे, दोन डाइव्ह, दुपारी 2 पर्यंत किनाऱ्यावर. तिथूनच गाड्या काढायच्या, म्हणजे अंधार पडायच्या आत जबल अखदर डोंगरावर सैकला पोहोचू. फार्महाऊसची आगाऊ रक्कम भरली आहे, ती परत मिळणार नाही.

परवान्यासाठी रेसिडेंट कार्डाची प्रत अजून चौघांची यायची आहे, कोण ते त्यांना माहीत आहे. बेटावर उतरता येणार नाही, कासवांसाठी 31 ऑक्टोबरपर्यंत बंदी असते, त्यामुळे खाणं बोटीवरच. फोर बाय फोर पाचच आहेत. डोंगराच्या पायथ्याशी बिरकत अल मौजच्या नाक्यावरून सेडान वर सोडत नाहीत, तिथे मागच्या वर्षीसारखा तमाशा नको, सेडानवाल्यांनी आत्ताच जागा सांगून ठेवा.
मंदार

---

प्रेषक: वैशाली

मंदार, हे जमणार नाही. डाइव्ह करून त्याच संध्याकाळी सैकला जायचं नाही. कोणीच नाही, डिस्कव्हरवाल्यांनीसुद्धा (कार्ड नसलेले, शिक्षकाबरोबर उतरणारे) नाही.
वैशाली

---

प्रेषक: देशपांडे काका

वैशालीताई, डाइव्हनंतर थांबायचा नियम विमानाचा आहे. आपण गाडीने जातोय. मी गेली बावीस वर्षं या देशात आहे, डोंगरावर जाऊन कोणाला काही झालेलं ऐकलं नाही.

शिवाय शुक्रवारी एकादशी आहे हे कोणाच्या लक्षात आलंय का? कोजागिरी सोमवारी. समितीला सुट्टी बघून चंद्र हलवता येतो, हे मला मान्य नाही, पण माझं कोण ऐकतं. निदान पावभाजी तरी नको.
– देशपांडे

---

प्रेषक: वैशाली

काका, शरीराला गाडी आणि विमान यातलं काही कळत नाही, त्याला फक्त हवेचा दाब कळतो. विमानाच्या आतला दाब साधारण 1800 ते 2400 मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात. सैक आहे 2000 मीटरवर. म्हणजे आपण विमानातच बसतोय, फक्त खिडकीबाहेर डाळिंबाची झाडं.

मागच्या वेळी वर पोहोचल्यावर वेफर्सची पाकिटं टम्म फुगली होती, ती निनादने उशी म्हणून वापरली, आठवतं ना? 10 मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि टँकमधल्या हवेतला नायट्रोजन अंगात जास्त मुरतो. वर आल्यावर तो श्वासावाटे हळूहळू निघून जातो. त्याला वेळ न देता दाब आणखी कमी केला की त्याचे बुडबुडे होतात. सोड्याची बाटली हळू उघडणं आणि फाडकन उघडणं, इतकाच फरक. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हर्सच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेचा आकडा असा: एकच साधी डाइव्ह असेल तर निदान 12 तास थांबायचं, एकापेक्षा जास्त असतील तर 18 तास. आपण दुपारी 12 ला पाण्याबाहेर आलो तर शनिवारी सकाळी 6. तोवर मी सीब सोडणार नाही.

हे पुस्तकातून सांगत नाहीये. तीन वर्षांपूर्वी मस्कतजवळ बंदर खैरानला दोन डाइव्ह करून त्याच संध्याकाळी वर गेले होते. आयोजक म्हणाले, काही होत नाही. रात्री डावं कोपर ठणकायला लागलं. मला वाटलं कलिंगड उचललं म्हणून. सकाळी कपाची कडी धरवेना. खाली आल्यावर ऑक्सिजन लावला तेव्हा उतरलं. त्या दिवशी कलिंगड मी उचललंच नव्हतं, उचललं होतं ह्यांनी.
वैशाली

---

प्रेषक: सुहास

ऑक्टोबरात डायव्हिंग म्हटल्यावर आमच्या मालवणाक विसरलात काय? दिवाळीला सगळे जाताच आहात, तारकर्लीला करा. एमटीडीसीची शिकवायची संस्था आहे तिथे, सिंधुदुर्गाच्या आसपास प्रवाळ आहे, 1987 पासून अभयारण्य आहे. आणि डोंगर चढायचा प्रश्नच नाही, वर चढलात तर फार तर किल्ल्याच्या तटावर.
सुहास

---

प्रेषक: मंदार

सुहासदादा, तारकर्लीला मागच्या डिसेंबरात गेलो होतो. समोरच्या माणसाचे पाय दिसले, डोकं नाही. दैमानियातला बोटीवरून वाकलं की तळ दिसतो. तुलनाच नको.

वैशाली, मग उलट करू. शुक्रवारी सैक, शनिवारी बोट?
मंदार

---

प्रेषक: सुहास

पाणी गढूळ असतं कारण नद्या आहेत आमच्याकडे. तुमच्याकडे वाळू आहे. आणि स्वच्छ पाणीच हवं तर आंग्रिया बँकेचं बोला. विजयदुर्गापासून 100 किलोमीटर आत, पाण्याखाली 20 मीटरवर प्रवाळाचं पठार, कान्होजी आंग्र्यांचं नाव. इथल्या किती जणांनी ऐकलंय? मालदीवला जाऊन फोटो टाकणाऱ्यांनी तरी नाही.
सुहास

---

प्रेषक: वैशाली

उलट केलं तर शरीराला चालतं. आधी उंचावर जाऊन खाली आलं तर काही त्रास नाही. पण बोट सकाळी 8 ची. सैकहून पहाटे 4 ला निघणार कोण? डिस्कव्हरवाली मुलं? झोप नाही, पोटात पाणी नाही, वर घाटाने मळमळलेली. त्यांना मी पाण्यात उतरू देणार नाही.
वै.

---

प्रेषक: अमेय (सलालाह)

आम्हाला कोणी विचारत नाही, तरी लिहितो. इकडे दक्षिणेला, सलालाहजवळ मिरबातला या. खरीफमध्ये, म्हणजे इथल्या पावसाळ्यात, इथे तळाचं गार पाणी वर येतं, त्यामुळे केल्प उगवतं, लांबलचक तपकिरी पट्ट्यांचं शेवाळ, त्याचं जंगलच. ते थंड समुद्रातलं आणि प्रवाळ गरम समुद्रातलं, इथे दोन्ही शेजारी शेजारी. जगात फार ठिकाणी असं दिसत नाही. खरीफ संपला की समुद्र शांत होतो आणि केल्प झडायला लागतं, मधले काही दिवसच हातात असतात. मागच्या रविवारी त्यात शिरलो तर एक कासव पट्टीला तोंड लावून बसलं होतं, मेथीची जुडी निवडावी तसं.
मस्कतवाल्यांना हजार किलोमीटर लांब वाटतं, पण लोणावळ्याची चिक्की मागवताना नाही वाटत.
अमेय

---

प्रेषक: देशपांडे काका

चिक्की लोणावळ्याची नव्हती, अमेय. मी स्वतः आणली होती, तळेगावची.
– देशपांडे

---

प्रेषक: निनाद

मी डिस्कव्हरवालाच आहे पण एक विचारतो. आम्हाला 12 मीटरच्या खाली नेत नाहीत ना, मग आम्हालाही 18 तास? आणि ती बुडवलेली बोट, अल मुनासिर, ती बघायला मिळणार की नाही?

---

प्रेषक: वैशाली

निनाद, दोनदा उतरलास तर 18 धर. अल मुनासिर दैमानियातला नाहीच, ते बंदर खैरानकडे. नौदलाचं 84 मीटर लांबीचं जहाज, 2003 साली मुद्दाम बुडवलं, तळ 30 मीटरवर. आधी डायव्हरचं कार्ड घे, मग बोलू. ऑक्टोबरात व्हेल शार्क दिसला तर नशीब. दिसला तर हात लावायचा नाही, आणि बोटीवर मोरीच्या (छोट्या शार्कच्या) कालवणाचे विनोद करायचे नाहीत (सुहास).

---

प्रेषक: मंदार

ठीक आहे. असं करू: डाइव्ह न करणारे शुक्रवारी दुपारी वर जातील, फार्महाऊस वाया जाणार नाही. डाइव्हवाले अकरा जण रात्री सीबच्या किनाऱ्यावर कोजागिरी करतील आणि शनिवारी सकाळी 9 ला वर निघतील. जेवण एकत्र, संध्याकाळी सगळे खाली. गाड्यांची यादी पुन्हा करावी लागेल, ती आज रात्री पाठवतो.

---

प्रेषक: शुभांगी (खाऊ समिती)

दोन ठिकाणी आटवलेलं दूध? मंदार, मंडळाचं पातेलं एकच आहे. अठरा लिटरचं. अर्धं दूध डोंगरावर आणि अर्धं वाळूत, हे मला कोणी विचारलं होतं? केशर मी एकाच ठिकाणी देणार, कुठे ते तुम्ही ठरवा. आणि पातेलं आधी आहे कुठे? काका, गणपतीनंतर तुमच्याकडे होतं.
शुभांगी

---

प्रेषक: देशपांडे काका

आमच्याकडे नाही. सुहास घेऊन गेला.
– देशपांडे

---

प्रेषक: सुहास

माझ्याकडे फक्त झाकण आहे.