‘सर्व प्रश्न सोडवा’ की ‘कोणतेही चार’?

प्रश्न: मी दहावीला गणित शिकवते. बोर्डाच्या ४० गुणांच्या पेपरवर वरच ‘सर्व प्रश्न आवश्यक’ असतं आणि पुढे प्रश्न २(ब)च्या पाच उपप्रश्नांना ‘कोणतेही चार’. सराव परीक्षेत वर्गातली एक हुशार मुलगी पाचही सोडवत बसली, शेवटचा प्रश्न राहिला. फार वाईट वाटलं. शाळेच्या पेपरात हे कसं मांडू?

— मॅडम, ‘कोणतेही चार’ ठळक करा आणि उपप्रश्नांच्या अगदी वर छापा. पहिल्या पानावरच्या सूचना घाईत कोण वाचतं?

— बहुपर्यायी प्रश्नांत पहिलाच प्रयत्न धरतात, ही सूचनाही १(अ)पाशीच हवी. खाडाखोड तिथेच होते!

— ताई, एका ओळीत एकच काम सांगा. रिकाम्या चौकटी भरायच्या प्रश्नात ‘कृती पूर्ण करून लिहा’ वाचून मुलं नुसते चौकटींतले आकडे उतरवतात. ‘संपूर्ण कृती उत्तरपत्रिकेत लिहा’ हे वेगळ्या ओळीत द्या.